मुली किती?

१६ एप्रिल २०२३

एरानास,

फोन तू उचलत नाहीस. नको उचलूस. हा पत्ता कहुने दिला, पण तिच्यावर चिडू नकोस. टाउरांगाला जाऊन तिच्या दारात हटून बसले, तेव्हा कुठे दिला. तुझी पोरगी, अगदी तुझ्यावर गेली आहे. चहा विचारते, पण बस म्हणत नाही.

भांडायला लिहीत नाही. जानेवारीत झालं तेवढं पुरे. आईला निरोप द्यायच्या तांगीला खाडीवरचं अख्खं गाव सभाघरात, मराएत, जमलं होतं, मी आईच्या शवपेटीला टेकून तिच्या उशाशी बसले होते, आणि तू पर्थहून येऊन दारातूनच, सगळ्यांच्या देखत म्हणालीस, "सरक जरा." मी नाही सरकले. का सरकू? तिच्या पोटात पाणी भरायचं तेव्हा माझं शाळेची बस चालवायचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालून तिला शहरातल्या इस्पितळात कोण न्यायचं? तिच्या उलट्या कुणी काढल्या? उशाजवळची जागा मुलीची असते. तुला तिने जन्म दिला, हे कुणी नाकारत नाही. पण दूध तुटायच्या आत तिने तुला रिरिपेती आत्याला वाढवायला दिलं, आणि तू आत्याची लेक झालीस. आपल्याकडे हे काय नवं आहे? आई मातीत जायच्या आधीच तू विमान गाठलंस, आता त्याला मी काय करू?

असो. कामाचं लिहिते.

कहु म्हणाली, तुझं पोट फुगतं, दोन घासांत भरतं, आणि तुमच्या खाणीवरच्या डॉक्टरने विचारलंय की घरात कुणाला अंडाशयाचा कॅन्सर होता का, त्यासाठी कुणाची रक्ताची तपासणी झालीय का. तर त्याला सांग, झाली. आईच्या आजारात एक फिलिपा डॉक्टर होती, गोरी, लांब मानेची. ज्या बायकांना छातीत नाहीतर अंडाशयात गाठ होते, त्यांच्या गाठीतल्या खुणा ती वाचते. खुणेवरून म्हणे कळतं की कुठलं औषध लागू पडेल आणि बाई किती दिवस काढेल. आईने गाठीचा तुकडा तिच्या संशोधनाला दिला, पण अट घालून. "काम संपलं की परत आणायचा आणि माझ्या शेजारी पुरायचा," म्हणाली. "अर्धी मी शहरात आणि अर्धी इथे, असं चालायचं नाही." फिलिपाने कबूल केलं.

त्या तुकड्यात एक खूण सापडली. जन्मापासून रक्तात असलेला बिघाड, जो आईकडून लेकीत उतरतो. मग फिलिपाने मला बोलावलं आणि कागदावर आईच्या घराण्याचं झाड काढलं. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन, गेलेल्यांवर तिरपी रेघ. तिने विचारलं, "मातेरोआबाईंना मुली किती?"

"एक," मी म्हटलं. "मी."

तिने आईच्या गोलाखाली एक गोल काढला आणि माझं रक्त घेतलं. परवा निकाल आला. माझ्यात तो बिघाड नाही. फिलिपाने माझा हात दोन्ही हातांत घेतला. मी बसमध्ये येऊन बसले आणि हॉर्न वाजवत राहिले, रस्त्यावरची गाय बिचकली.

तेव्हा तुझ्या डॉक्टरला सांग, घरातल्या मुलीची तपासणी झाली, काही निघालं नाही. पोटाला ओवा-बिवा काय मिळतं तिकडे, ते खा.

हुहाना


२० ऑगस्ट २०२३

एरानास,

तुझं कार्ड मिळालं. कांगारूचं चित्र आणि पाठीमागे मोजक्या ओळी. डॉक्टरला निरोप सांगितलास, तो म्हणाला की मग गॅसच असणार, पाळी गेल्यावर असं होतं, आणि त्याने गोळ्या दिल्या. हे बरं झालं. गोळ्या संपल्या का? गुण आला का? ते काही लिहिलं नाहीस.

बाकी जे लिहिलंस त्याचं उत्तर देते. तू लिहितेस, "आईने मला भोपळ्यासारखं दुसऱ्याच्या घरी दिलं आणि त्याच टोपलीत तुला आणून ठेवलं." फार विचार करून लिहिलेलं दिसतंय. खाणीत ट्रक चालवताना वेळ बराच मिळत असणार.

मला जन्म देणारी मी पाहिलीसुद्धा नाही. बाबांच्या धाकट्या भावाची बायको बाळंतपणात गेली, काका दारूत बुडाला, आणि आईने शालीत गुंडाळून मला घरी आणलं. तेव्हा तू आत्याच्या अंगणात पळत होतीस. मी फांगाइ आहे आणि तूही फांगाइ आहेस. तुला आत्याने वाढवलं, मला आईने. कागद नाही, कोर्ट नाही, जो वाढवतो त्याचं मूल. मला कधी कुणी "खरी मुलगी का?" असं विचारलं नाही. विचारणाऱ्याला पिरिहिरा आत्याने झाडूने मारला असता.

पण तुला एक सांगते, जे तुला माहीत नसेल. दर रविवारी चर्च सुटल्यावर आई मला घेऊन रिरिपेती आत्याकडे यायची. सोबत शिंपल्यांची पिशवी, कधी बटाट्याच्या आंबवणाचा रेवेना पाव. तू पाण्याच्या टाकीमागे लपून बसायचीस आणि आम्ही जाईपर्यंत बाहेर यायची नाहीस. आई व्हरांड्यात बसून आत्याशी बोलायची, पण बघायची टाकीकडे. तुझे पाय खालून दिसायचे. मी ते ओळखायचे आणि मुद्दाम तिच्या मांडीवर चढून बसायचे, तुला दिसावं म्हणून. परत येताना आई बसमध्ये एक अक्षर बोलायची नाही.

हे मी का लिहिलं, मला ठाऊक नाही. पाऊस लागलाय, शाळेला सुट्टी आहे, म्हणून असेल.

फेब्रुवारीत, वर्ष झालं म्हणून, आईच्या थडग्याच्या दगडावरचं कापड काढायचं आहे. फिलिपा डॉक्टर तेव्हाच तो तुकडा घेऊन येणार आहे. तूही ये. विमानाचे पैसे नसतील तर सांग, आणि असले तर कारणं सांगू नकोस.

हुहाना


४ फेब्रुवारी २०२४

एराना,

काल सकाळपासून फोन करतेय. कहुही करतेय. तू खाणीवर आहेस आणि तिकडे फोन लागत नाही, असं तुझ्या कंपनीची बाई म्हणते. हे पत्र पोचेपर्यंत तू कहुशी बोलली असशील तर फाडून टाक. नसशील तर पुढचं वाचायच्या आधी खोलीतून बाहेर पड, डॉक्टरला गाठ आणि सांग: मी मातेरोआची पोटची मुलगी आहे, माझी तपासणी झालेली नाही.

काय झालं ते सांगते.

दगडावरचं कापड निघालं, प्रार्थना झाली. फिलिपाने तो तुकडा रुमालात आणला होता. तुकडा आत बसवलेली मेणाची एवढीशी वडी, आगपेटीहून लहान. पिरिहिरा आत्याने ती हातात धरली आणि आईशी बोलते तशी तिच्याशी बोलली, "आलीस का गं? बराच वेळ लावलास." आम्ही ती आईच्या शेजारी पुरली. फिलिपा रडली. तुकडा द्यायला वर्ष लावलं म्हणून माझ्या मनातून उतरलेली बाई तेव्हा परत मनात बसली.

मग जेवण. डुकराची हाडं घालून पालेभाजी, शिंपले, पाव. फिलिपा माझ्या शेजारी बसली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "हुहानाबाई, तुम्हाला एकदा परत यावं लागेल. आमच्याकडे काहीतरी चूक झालीय. तुमचं रक्त दुसऱ्या कुणाच्या रक्ताशी बदललं गेलं असावं."

"म्हणजे?"

"तुमच्या आईच्या गाठीतला नमुना आणि तुमचा नमुना जुळत नाहीत. आई आणि मुलीचे असे दिसत नाहीत. आमच्या हातून नळी बदलली असणार. मी फार दिलगीर आहे."

ती हळू बोलली, पण पिरिहिरा आत्याचे कान तुला माहीत आहेत. समोरून तिने चमचा आपटला. "अगं बाई, जुळेल कसं? ही माझ्या धाकट्या भावाची! मातेरोआने फक्त वाढवली. तुमच्या नळ्या अगदी बरोबर आहेत."

सगळं टेबल हसलं. आत्याच्या हेमीने फिलिपाला विचारलं, "डॉक्टरबाई, नळीला कळलं, आणि एवढं शिकून तुम्हाला नाही कळलं?" मीही हसले, एराना. पोट धरून हसले. फिलिपा मात्र हसली नाही. तिच्या मानेवर लाल डाग उठले. तिने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "मग त्यांना स्वतःची मुलगी होती का?"

आत्या म्हणाली, "होती म्हणजे? आहे. एराना. ऑस्ट्रेलियात असते."

"तिची तपासणी कुणी केली?"

हेमीने शिंपला उघडला होता, तो तसाच हातात राहिला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी तुझं कार्ड आठवत होते. गॅसच असणार.

फिलिपाने मला बाहेर नेऊन समजावलं. बाईत तो बिघाड असला तर पोटच्या मुलीत उतरायची शक्यता अर्धी. मुलगी दुसरीकडे वाढली म्हणून तो तिला सोडत नाही. तिच्या झाडात आईखाली एकच गोल होता, म्हणून तिने दुसरा शोधला नाही. मी तिला म्हटलं, "तुम्ही विचारलं नाहीत." ती म्हणाली, "मी विचारलं होतं. मुली किती, असं विचारलं होतं." आणि ते खरं आहे.

फोन उचल. माझा नको असेल तर कहुचा उचल.

हुहाना


७ एप्रिल २०२४

एराना,

कहुने सगळं सांगितलं. दोन्ही अंडाशयांत, पोटाच्या पडद्यावर, आणि यकृताच्या कडेला. रक्तात बिघाड आईचाच, अक्षर न् अक्षर तोच. फिलिपाला फोन करून मी एकच विचारलं, की गेल्या एप्रिलमध्ये सापडलं असतं तर? ती टाळाटाळ करत होती. मी म्हटलं, मी बस चालवते, मला सरळ रस्ता समजतो, तो सांगा. मग ती म्हणाली की तेव्हाही असणारच, पण बहुतेक एवढं पसरलेलं नसतं.

तुला हे लिहायलाच हवं. तू शिव्या घालशील त्या घाल.

फिलिपाने "मुली किती" विचारलं तेव्हा तुझं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. आपल्याकडे मोजतात तसं मोजलं आणि एक म्हटलं, असं मी सगळ्यांना सांगते, आणि आत्या मान डोलावते. ते खोटं नाही. पण अर्धंच आहे. तू दारातून "सरक" म्हणालीस ते माझ्या कानात होतं. त्या गोऱ्या बाईच्या कागदावर तरी आईखाली मी एकटीच असावी, असं मला वाटलं. एक गोल, एक रेघ. तो कागद बघून मला फार बरं वाटलं होतं, एराना. त्या कागदावरून तू गेलीस आणि मला कळलंही नाही.

आणि वर तुला ओवा खायला सांगितला.

फिलिपा एक गोष्ट चांगली म्हणते, ती लिहिते. या बिघाडाच्या गाठींवर सलाइनमधून देतात ती औषधं जास्त लागू पडतात, आणि नंतर एक गोळी आहे, ती अशाच बायकांना देतात. ज्या बायकांत ही खूण नसते त्यांच्यापेक्षा ही खूण असलेल्या बायका पुष्कळदा जास्त दिवस काढतात. म्हणजे ज्याने आजार आणला तोच थोडे दिवसही देतो. आईच्या वेळी मात्र शरीर फार थकलं होतं, गोळी द्यायला उरलं नव्हतं. तू आईपेक्षा कितीतरी तरुण आहेस, आणि रागीटही. फिलिपाला मी विचारलं, रागाचा उपयोग होतो का? ती म्हणाली, त्यावर संशोधन झालेलं नाही.

तू कहुला म्हणालीस म्हणे, "आयुष्यभर आईचं काहीतरी मिळावं असं वाटत होतं, मिळालं एकदाचं." ते ऐकल्यावर मला बस कडेला थांबवावी लागली. पोरं मागून ओरडत होती, उशीर होतोय, बाई.

उत्तर देऊ नकोस. फक्त औषध घे.

हुहाना


२२ जून २०२५

एराना,

कहु म्हणते, आता तुला वाचायचा त्रास होतो, तिथली नर्स वाचून दाखवते. तर नर्सबाई, सावकाश वाचा आणि शिव्या गाळू नका.

सलाइन आणि गोळी मिळून वर्षभर तरी चाललं, एवढं त्या बिघाडाला मानावं लागेल. फिलिपाला मी सांगितलं की आता चालत नाही. तिने विचारलं, वेदना कितपत आहेत? मी म्हटलं, ती सांगत नाही, आणि सांगितलं तरी मला सांगायची नाही. पण गेल्या महिन्यात तू फोन उचललास. काही बोलली नाहीस, नुसती श्वास घेत होतीस, आणि मी तुला आमच्या बसच्या ब्रेकबद्दल सांगत बसले. मला दुसरं काही सुचलं नाही. तू फोन ठेवला नाहीस.

कहुला घेऊन मी शहरात गेले होते. तिने मला वर्षभर टाळलं, आणि एक दिवस स्वतःच आली, म्हणाली, "आँटी, एकटीने जायची हिंमत होत नाही." गाडीत ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी म्हटलं, "रडायचं असेल तर रड, माझी गाडी आहे, भाडं लागत नाही." ती म्हणाली, "तू गप्प बसलीस तर रडेन." मग मी खरंच गप्प बसले.

फिलिपाने नवीन कागद घेतला. जुना तिने फाडून टाकला आहे. गोल, चौकोन, तिरप्या रेघा. आता ती सगळ्यांना आधी विचारते, कुणी पोटचं, कुणी वाढवलेलं. तसं तिने मलाही विचारलं, पण माझ्याकडे न बघता. "मातेरोआबाईंना पोटच्या मुली किती?"

कहु माझ्याकडे बघत होती. पन्नास वर्षांत हे उत्तर मी कुणाला दिलं नव्हतं.

"एक," मी म्हटलं. "एराना."

तिने आईच्या गोलाखाली एक गोल काढला, त्याच्याखाली कहुचा. रेघा ओढल्या. मग पेन हातात धरून ती थांबली आणि म्हणाली, "तुम्हाला मी कुठे लिहू, हुहानाबाई?" मी म्हटलं, "नका लिहू. माझ्या रक्ताने यांना काही कळायचं नाही, उलट घोळच होतो." त्या कागदावर मी कुठेच नाही, एराना. कहुने टेबलाखाली माझा हात धरला आणि रक्त घेईपर्यंत सोडला नाही.

निकाल आला आहे. तो तुला कहुच सांगेल. तिने मला लिहायला मनाई केली आहे. मी एवढंच सांगते की तिला वेळेवर कळलं. पुढच्या महिन्यापासून ती दर सहा महिन्यांनी तपासणीला जाईल, मी नेईन, आणि ऑपरेशनचं काय करायचं ते ती मुलं झाल्यावर ठरवेल. पळून जायला लागली तर मी तिला बसला बांधून नेईन. हे तुला वचन समज.

आता शेवटचं. आईच्या डाव्या बाजूची जागा माझ्यासाठी राखलेली आहे, तू जाणतेस. तिथे हेमीने मला विचारून दगडाचा कठडाही घातला होता. परवा मी पिरिहिरा आत्याला सांगितलं की ती जागा एरानाची. आत्या म्हणाली, "आणि तू कुठे जाशील गं?" मी म्हटलं, रिरिपेती आत्याच्या शेजारी एक जागा आहे, तिथे टाका. तिला तरी कुणीतरी हवं. आत्या म्हणाली, "म्हणजे दोघीही एकमेकींच्या घरी." आणि हसली, आणि मग डोळ्याला रुमाल लावला.

तेव्हा ये. डॉक्टर विमानात बसू देत असतील तर बसून ये. देत नसतील तर जशी येशील तशी ये, हेमी आणि कहु आणायला येतील. मराएत आईच्या फोटोजवळ घालायची गादी मी धुऊन वाळत घातली आहे. तू आलीस की उशाशी कहु बसेल. मी बसणार नाही. मी दारात उभी राहीन, त्या दिवशी तू उभी होतीस तिथे, आणि तू बोलावलंस तरच आत येईन.

हुहाना